पडद्यावरचे पाणी

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या चार-पाच मुलांना एकत्र बसवा आणि विचारा, "तुम्हांला सगळ्यांत नकोसा वाटणारा टप्पा कोणता?" त्यांपैकी एखादा तरी चटकन सांगेल, "पाण्याखालचा!" मग दुसरा प्रश्न विचारा, "आणि सगळ्यांत सुंदर टप्पा कोणता?" गंमत अशी, की याही प्रश्नाला तेच उत्तर देणारा त्यांच्यात कोणीतरी निघतो.

एकाच पाण्याविषयी इतकी टोकाची मते का असावीत? 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. परंतु त्याच्या पोटात बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे, आणि तेही तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच. वेग, त्वरण, घनता आणि आर्किमिडीजचे तत्त्व एवढ्या सामग्रीवर आपल्याला या प्रश्नाची बरीच उकल करता येईल. चला तर, पाण्यात उतरू या.

खरे पाणी काय करते?

विहिरीत किंवा तलावात उतरलेल्या माणसाच्या बाबतीत पाणी मुख्यतः तीन गोष्टी करते.

पहिली गोष्ट, ते आपले वजन पेलते. आपण जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल आपल्याला वर ढकलते. माणसाच्या शरीराची सरासरी घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळपास असते. छाती भरून श्वास घेतला की आपण तरंगतो आणि श्वास सोडला की बहुतेक जण हळूहळू खाली जाऊ लागतात. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला पोकळ भोपळा बांधतात तो याचसाठी. भोपळ्याने वजनात फारशी भर पडत नाही, पण आकारमान मात्र बरेच वाढते.

दुसरी गोष्ट, पाणी आपला वेग खाते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. वस्तूला होणारा रोध हा द्रवाची घनता, वस्तूचा समोरून दिसणारा आकार आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात वाढतो. याचा परिणाम किती होतो ते पाहा. २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १०.४ मीटर. त्याच वर्षी सेझार सिएलो या ब्राझीलच्या जलतरणपटूने ५० मीटर अंतर २०.९१ सेकंदांत पार केले. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला २.४ मीटर. दोघेही आपापल्या क्षेत्रातले अव्वल, पण पाण्यातल्याचा वेग जमिनीवरच्याच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी!

तिसरी गोष्ट तुम्ही सांगालच. पाण्याखाली श्वास घेता येत नाही. त्यामुळे तिथे आपला प्रत्येक सेकंद मोजून मिळालेला असतो.

म्हणजे पाणी आपल्याकडून वेग आणि श्वास काढून घेते व त्या बदल्यात वजनापासून सुटका देते. ही देवाणघेवाण लक्षात ठेवा. पुढचा सारा खेळ तिच्यावरच आहे.

खेळातले पाणी म्हणजे काही आकडे

पडद्यावर दिसणारे निळे पाणी हे अर्थातच पाणी नव्हे. सिनेमाप्रमाणेच व्हिडिओ गेममध्येही एकामागून एक स्थिर चित्रे दाखवली जातात. त्यांना फ्रेम म्हणतात. पुष्कळ खेळांत सेकंदाला ६० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमच्या वेळी संगणक एक छोटेसे गणित करतो : आधीचा वेग घ्यायचा, त्यात त्वरणाची भर घालायची, आणि त्या वेगाइतके पात्राला पुढे सरकवायचे. पात्र 'पाण्यात' आहे याचा अर्थ एवढाच, की या गणितातले काही आकडे बदललेले आहेत.

रोध दाखवण्याची एक सोपी युक्ती अशी : दर फ्रेमला वेगाला १ पेक्षा किंचित लहान संख्येने गुणायचे. समजा, ही संख्या ०.९ आहे आणि पात्राचा वेग १० आहे. तुम्ही बटण सोडलेत, की पुढच्या फ्रेमला वेग ९ होईल, मग ८.१, मग ७.२९. सातव्या फ्रेमला तो निम्म्याखाली जाईल आणि २२ व्या फ्रेमला एक दशांशाखाली. म्हणजे साधारण एक तृतीयांश सेकंदात पात्र थांबल्यासारखे होईल.

आता ०.९ ऐवजी ०.९८ घ्या. फरक किरकोळ वाटतो ना? पण आता वेग निम्मा व्हायलाच ३५ फ्रेम लागतात आणि एक दशांश व्हायला ११४ फ्रेम, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद! बटण सोडूनही पात्र पुढे सरकतच राहते आणि समोरच्या काट्यावर जाऊन आदळते. होडीला ब्रेक नसतो हे नावाड्याला ठाऊक असते. म्हणून धक्का गाठायच्या बऱ्याच आधी तो वल्ही थांबवतो. खेळाडूलाही असेच आधीपासून थांबायला शिकावे लागते. दशांश चिन्हापुढच्या एका आकड्याने पाणी 'जड' वाटेल की 'निसरडे', हे ठरते.

सॉनिकची उडी

आता एका प्रसिद्ध खेळातले खरे आकडे पाहू. सेगा या जपानी कंपनीचा 'सॉनिक द हेजहॉग' हा खेळ १९९१ साली आला. हेजहॉग म्हणजे लहानसा काटेरी प्राणी. या खेळाचा नायक सॉनिक अफाट वेगाने धावतो, आणि तीच त्या खेळाची खरी मौज आहे. परंतु 'लॅबिरिंथ झोन' नावाच्या टप्प्यात तो पाण्यात शिरतो. त्याला पोहता येत नाही; तो तळावरून चालतो आणि उड्या मारतो. हा टप्पा अनेक खेळाडूंच्या नावडत्या टप्प्यांपैकी एक आहे.

या खेळाच्या प्रोग्रॅमचा कसून अभ्यास करणाऱ्यांनी त्यातले आकडे उलगडून ठेवले आहेत. अंतर पडद्यावरच्या ठिपक्यांत आणि काळ फ्रेममध्ये मोजला, तर जमिनीवर सॉनिक उडी मारतो ती ६.५ या वेगाने, आणि गुरुत्वामुळे तो वेग दर फ्रेमला ७/३२ ने कमी होतो. पाण्यात उडीचा वेग ३.५ आणि गुरुत्व २/३२. धावण्याचा कमाल वेग जमिनीवर ६, पाण्यात ३.

वर फेकलेली वस्तू किती उंच जाते, याचे सूत्र तुम्हांला माहीत आहे : वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट. गणित करून पाहा. जमिनीवर उत्तर येते सुमारे ९७ ठिपके आणि पाण्यात ९८ ठिपके. उडीची उंची जवळजवळ तीच राहिली! आता वेळ काढू. वर जाऊन खाली यायला जमिनीवर सुमारे ५९ फ्रेम लागतात, म्हणजे एक सेकंद. पाण्यात ११२ फ्रेम लागतात, म्हणजे जवळपास १.९ सेकंद. धावता धावता उडी मारली तर आडवे अंतरही साधारण सारखेच भरते. कारण वेग निम्मा झाला, पण हवेत, छे, पाण्यात राहण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला.

याचा अर्थ काय? सॉनिक पाण्यात त्याच उंचीवर चढू शकतो आणि तेवढीच दरी ओलांडू शकतो. बदलला आहे तो केवळ काळ. जणू तोच चित्रपट निम्म्या गतीने चालवला आहे. खेळाडूच्या डोळ्यांनी शिकलेला अंदाज बरोबर राहतो, पण बोटांनी शिकलेला ताल चुकतो. सुरुवातीच्या तासाभरात 'आता दाबायचे, आता सोडायचे' असे जे वळण बोटांना लागले, तेच आता त्याला दगा देते. 'पाण्यात मला खेळताच येत नाही' ही तक्रार पुष्कळदा इथूनच उगवते.

जाता जाता एक गमतीचे गणित. पाण्यात सॉनिकचे गुरुत्व २/७ पट झाले. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात वजन एवढे घटायचे, तर त्याची घनता पाण्याच्या १.४ पट हवी, म्हणजे जवळजवळ मधाइतकी. असा प्राणी बुडणारच! खरा हेजहॉग मात्र चांगला पोहतो. शिवाय वर-खाली जाताना सॉनिकला पाण्याचा रोध लावलेलाच नाही. खऱ्या पाण्यात त्याची उडी इतकी उंच गेलीच नसती. खेळ करणाऱ्याने पाण्याचे नियम जसेच्या तसे उचललेले नाहीत. काही घेतले, काही सोडले. हे घेणे-सोडणे कसे केले, यावरच खेळाडूचा आनंद अवलंबून असतो.

घड्याळ मात्र हळू होत नाही

सॉनिकच्या पाण्यात सगळे काही संथ होते, पण एक गोष्ट होत नाही. ती म्हणजे श्वासाचे घड्याळ. सॉनिकजवळ सुमारे ३० सेकंदांची हवा असते. तळातून निघणारा मोठा बुडबुडा मिळाला नाही, तर शेवटच्या काही सेकंदांत घाबरवणारे संगीत सुरू होते आणि डोक्यावर ५, ४, ३ असे आकडे येऊ लागतात. हालचाल निम्म्या गतीने आणि घड्याळ पूर्ण गतीने, म्हणजे खेळाडूला प्रत्यक्षात निम्माच वेळ मिळाला. जीव कासावीस होतो तो यामुळे.

१९८९ च्या 'टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स' या कोनामी कंपनीच्या खेळातला धरणाचा टप्पा याहून कुप्रसिद्ध आहे. पाण्याखालचे ८ बॉम्ब २ मिनिटे २० सेकंदांत निकामी करायचे, आणि वाटेत अरुंद फटींच्या दोन्ही बाजूंना विजेचा झटका देणारे शेवाळ! नायक कासवे आहेत, तरी पोहताना ती कासवासारखी सहज वळत नाहीत. अचूकपणा मागायचा, पण अचूक वळता येईल असे साधन द्यायचे नाही, आणि वर घाईही करायची, अशी ही तिहेरी अडचण आहे.

श्वासाचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. खेळात हवा किती उरली हे दाखवणारी पट्टी असते आणि बुडण्याआधी इशारा मिळतो. आपल्या शरीरात अशी पट्टी नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाला हे आपल्याला तितकेसे कळत नाही. काही मुले बुडी मारण्याआधी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्याने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड घटतो. मग पाण्याखाली गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच ऑक्सिजन संपत येतो आणि मुलगा एकाएकी बेशुद्ध होतो. आवाज होत नाही, संगीत वाजत नाही, आकडे दिसत नाहीत. म्हणून श्वास रोखण्याच्या पैजा विहिरीत, नदीत किंवा तरणतलावात कधीही लावू नका.

तिसरी दिशा

आतापर्यंत पाणी काय काढून घेते ते पाहिले. आता ते काय देते ते पाहू.

निंटेंडोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ चा. जमिनीवर मारिओला उडी मारायची तर पायाखाली जमीन लागते. पाण्याच्या टप्प्यात तेच बटण दाबले की तो हात मारतो आणि थोडा वर जातो. दाबले नाही तर सावकाश खाली बसतो. पुन्हा दाबा, पुन्हा वर. कुठेही, केव्हाही. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडण्याची सोय पाण्यात नाही. पण अधांतरी राहून त्याला वरून किंवा खालून चुकवण्याची सोय मिळाली. श्वासाचे बंधन या खेळात नाहीच. बटणाच्या ठेक्यावर मारिओ एका उंचीवर तरंगत राहतो, हे दोन मिनिटांत बोटांना उमगते. नियम नवा आहे, पण तो एकच आहे आणि कायम तसाच वागतो.

घनाकृती, म्हणजे लांबी-रुंदी-उंची असलेल्या खेळांत ही तिसरी दिशा वरदान ठरते तशीच डोकेदुखीही ठरते. समजा, एक दालन २० पावले लांब आणि २० पावले रुंद आहे. जमिनीवर चालणाऱ्याला तिथे उभे राहायला ४०० जागा आहेत. त्याच दालनात २० पावले उंच पाणी भरले, की पोहणाऱ्याला ८,००० जागा होतात. किल्ली शोधायची असेल तर वीसपट जागा शोधायची, आणि शत्रू डोक्यावरून येईल की पायाखालून, याचाही नेम नाही!

'लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम' या १९९८ च्या खेळातले जलमंदिर याच कारणाने गाजले. तिथे मंदिरातल्या पाण्याची उंची तीन पातळ्यांवर बदलावी लागते. नायक लोखंडी बूट घालतो तेव्हा त्याची सरासरी घनता वाढून तो तळाला जातो. बूट काढले की वर येतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही कल्पना सुरेखच आहे. पण दर वेळी बूट घालायला किंवा काढायला खेळ थांबवून सामानाची यादी उघडावी लागे. शिवाय पाण्याची पातळी कुठे बदलायची, हे शोधताना खेळाडू हरवत.

२०११ साली हाच खेळ नव्या यंत्रासाठी पुन्हा काढण्यात आला. तेव्हा बूट एका स्पर्शात घालता-काढता येऊ लागले आणि पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत रेघा भिंतींवर आल्या. मंदिर तेच, पाणी तेच, कोडीही तीच; पण त्रास पुष्कळ कमी झाला. दोन प्रयोगांत एकच गोष्ट बदलून बाकीच्या सारख्या ठेवल्या, की परिणाम कशामुळे झाला ते कळते, हे तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. इथे तसा प्रयोग आयताच घडला. दोष पाण्याचा नव्हता. पाण्यात वावरण्याच्या साधनांचा आणि वाट दाखवण्याचा होता.

घेतलेले परत देणारे पाणी

आवडलेल्या पाण्याच्या खेळांकडे पाहिले, की त्यांत एक समान धागा सापडतो. ते खेळाडूकडून जे घेतात, त्याच्या मोबदल्यात काहीतरी भक्कम परत देतात.

१९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये श्वास आणि शक्ती यांची मोजपट्टी एकच आहे. पाण्याखाली ती घटत जाते, पण पृष्ठभागावर येऊन श्वास घेतला की ती पूर्ण भरते. त्यामुळे शत्रूच्या माराने घायाळ झालेला खेळाडू चक्क पाण्यात जाऊन बरा होऊन येतो! १९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री' मध्ये तलवारीसारख्या तोंडाच्या माशावर स्वार होता येते. गेलेला वेग आणि गेलेले शस्त्र दोन्ही परत मिळतात. १९९२ च्या 'एको द डॉल्फिन' मध्ये तर नायकच डॉल्फिन आहे. त्यालाही श्वासासाठी वर यावे लागते, पण तो आवाज सोडून प्रतिध्वनीवरून आसपासचा नकाशा मिळवू शकतो. खऱ्या डॉल्फिनला हे साधते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पण पाण्यात सुमारे १,५०० मीटर. त्यामुळे ७५ मीटरवरच्या खडकाचा प्रतिध्वनी पाण्यात एक दशांश सेकंदात परत येतो. गढूळ पाण्यात डोळा चालत नाही तेव्हा कान चालतो.

२०१८ साली पूर्ण झालेल्या 'सबनॉटिका' या खेळाने तर श्वासाच्या अडचणीलाच खेळाचा गाभा केले. सुरुवातीला खेळाडूजवळ अवघी ४५ सेकंदांची हवा असते. पहिली टाकी बनवली की आणखी ३० सेकंद मिळतात. योग्य उपकरण नसेल, तर १०० मीटरच्या खाली हवा अधिक भराभर संपू लागते. या नियमाला खऱ्या विज्ञानाचा आधार आहे. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ३० मीटर खोलीवर एकूण दाब चार वातावरणे होतो. तिथे प्रत्येक श्वासात चौपट हवा लागते आणि पाणबुड्याची टाकी चौथ्या हिश्शाच्या वेळात रिकामी होते. पाण्याखालच्या गुहांत जाणारे पाणबुडे एक नियम पाळतात : एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली अडीअडचणीसाठी. सबनॉटिकाचा खेळाडूही हळूहळू असाच हिशेब करायला शिकतो. किती खोल जायचे हे त्याने स्वतः ठरवलेले असते. त्यामुळे तो बुडाला, तरी चिडण्याऐवजी 'पुढच्या वेळी लवकर वळू' असे म्हणतो. धरणातल्या कासवांना ही निवड नव्हती.

आणि २०१६ च्या 'अब्झू' या खेळात श्वासाची अटच काढून टाकली आहे. मरण नाही, घड्याळ नाही. माशांच्या थव्यांतून फक्त पोहत राहायचे. वजनापासून मिळणारी सुटका तेवढी त्याने ठेवली आणि बाकीचे सोडून दिले.

म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर असे मिळते. पाण्याचे नियम खेळाडूला शिकता येतील इतके ठाम असले, पाण्यात हवे तसे वळण्याचे साधन त्याच्या हाती असले, आणि वेग व श्वास गमावल्याबद्दल तिसरी दिशा, नवी शक्ती किंवा स्वतःचा निर्णय यांपैकी काहीतरी त्याला मिळाले, तर पाण्याचा टप्पा आवडतो. नुसताच रोध आणि नुसतेच घड्याळ मिळाले, तर तो नकोसा होतो.

करून पाहा

तुमच्या ओळखीच्या एखाद्या खेळात पात्राला जमिनीवर आणि पाण्यात सरळ वर उडी मारायला लावा. दोन्ही वेळा दोन गोष्टी मोजा : उडीची उंची (पात्राच्या उंचीच्या किती पट, ते पुरे) आणि उडीचा एकूण काळ. मोबाइलवरचे सेकंदमापक चालेल. प्रत्येक मोजमाप पाच वेळा घेऊन सरासरी काढा. उंचीला ८ ने गुणून काळाच्या वर्गाने भागले, की त्या जगातले गुरुत्व त्वरण मिळते. पाण्यातल्या उत्तराला जमिनीवरच्या उत्तराने भागा. सॉनिकसाठी हे उत्तर ०.२८६ च्या आसपास यायला हवे.

आता एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे त्या खेळातले पाणी काय काढून घेते ते लिहा, उजवीकडे काय देते ते. उजवा रकाना रिकामा राहिला, तर तो टप्पा तुम्हांला का आवडत नव्हता, याचे उत्तर तुमच्यासमोरच असेल. आणि शाळेत संगणकावर प्रोग्रॅम लिहायला शिकत असाल, तर ०.९ आणि ०.९८ हे दोन आकडे घालून स्वतःचे पाणी तयार करा. त्यात मित्रांना पोहायला लावा आणि त्यांना कोणते पाणी आवडते ते पाहा.